रिकाम्या पोत्यामागचे मामा

"थांबा, आदी ऐकून घ्या," असं म्हणत मामा गिऱ्हाइकाच्या हातातली भेंडी काढून घ्यायचे. निंबोळीचा अर्क कधी मारला, गोमूत्र किती पाण्यात घातलं, अळी पडली तेव्हा काय केलं, हे सांगून झाल्यावरच भेंडी परत मिळायची. घाईतली माणसं तोवर शेजारी गेलेली असत.

आमचा विषमुक्त भाजीबाजार तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. जालन्यात, शाळेच्या पटांगणावर, दर रविवारी. शेतकरी आणि शहर यांच्यातला तो सेतू होता, असं पत्रकात छापलं होतं. पत्रक मीच लिहिलेलं. मी समितीचा चिटणीस. सलग तीन रविवार गैरहजर राहणाऱ्याची जागा जाईल, हा नियमही माझाच.

मामा बदनापूरकडून सकाळच्या गाडीने येत. एका रविवारी ते भाजीशिवाय आले. पोतं अंथरून त्यामागे बसले.

"मामा, माल कुठंय?"

"बांधापल्याड भावकीतल्यानं कापसावर औषध फवारलं. वारं आपल्याकडं व्हतं. आता महिनाभर इकायचं न्हाई."

"मग आलात कशाला?"

"जागा जाईल की! तुमचाच नियम हाय."

गिऱ्हाईक आलं की ते हात जोडत. "माझ्या रानावर जहर पडलंय. तिकडं घ्या, चांगलं हाय."

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी बाजाराचा वर्धापनदिन होता. मांडव, हार, पाहुणे. अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "विषमुक्त बाजारात हा माणूस जहर जहर करून राह्यलाय. उठवा त्याला."

साऱ्या बाजारात डोळे मिटून विश्वास ठेवावा असा तोच एक माणूस आहे, हे मला माहीत होतं. तरी मी त्यांच्याकडे गेलो.

"मामा, आजच्यापुरतं मांडवामागं बसता का?"

"मागं कोण येतंय, साहेब?"

"तुमच्याकडे आज विकायला तरी काय आहे?"

 ते उठले, धूळ कुणावर उडू नये म्हणून लांब जाऊन पोतं झटकलं, घडी घातली. "बराबर हाय," म्हणाले आणि स्टेशनकडे निघाले. नंतर प्रमुख पाहुणे शेतकऱ्याच्या सचोटीवर पाऊण तास बोलले. आभार मी मानले.

पुढचे तीन रविवार ते आले नाहीत. नियमाप्रमाणे त्यांची जागा अध्यक्षांच्या मेहुण्याच्या गांडूळखताला मिळाली.

वर्षभराने बदनापूरच्या आठवडी बाजारात ते दिसले. पुढे भेंडीचा ढीग, शेजारी तसेच पाच-सहा ढीग. औषध मारलेली कोणती, न मारलेली कोणती, कुणाला कळावं? मामा मुकाट्याने तोलून देत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिथवर जाईतो माफीची चार वाक्यं मनात जुळवली होती.

"किती देऊ?" त्यांनी विचारलं. ओळखलं होतं की नाही, कळलं नाही.

मी एक भेंडी उचलली, परत ढिगावर ठेवली.

"ओ भाऊ," मागून एक बाई म्हणाली, "घ्यायचं न्हाई तर सरका की. गिऱ्हाईक खोळंबलंय."

मी सरकलो.