किल्ली फिरवायची घाई

आमच्या गाडीनं पहिल्यांदा मान टाकली ती भर सेव्हन लव्ह्ज चौकात. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि तिच्यातला जोरच गेला. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ती आपली वरातीच्या चालीनं. मागून हॉर्नचा नुसता कल्ला, आणि मला डायलिसिसला पोचायचं होतं. तिथे उशीर झाला की आपलं मशिन दुसऱ्याला मिळतं. मग अंगात पाणी साठतं, आडवं झालं की श्वास पुरत नाही.

रिक्षानं जाऊन बघितलं होतं. परत येताना रक्तदाब उतरलेला असतो. एकदा एका खड्ड्यात अशी आपटले की शुद्धच गेली. डोळे उघडले तेव्हा रिक्षावाला ह्यांना विचारत होता, "काका, काकू ओकणार नाहीत ना?" त्या दिवसापासून ह्यांनी रिक्षाचं नाव काढू दिलं नाही. तेव्हा गाडी चालली तर मी नीट पोचणार, आणि नाही चालली तर काय, हे आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

ही डिझेल गाडी घेतली माझ्या माहेरासाठी. माहेर सोलापूरचं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आमच्या सारख्या चकरा व्हायच्या. मग आई गेली, पाठोपाठ माझ्या किडन्या गेल्या, आणि सोलापूरपर्यंत दौडणारी गाडी घर ते दवाखाना एवढ्यावर आली. आठवड्यातून तीनदा, स्वारगेटच्या गर्दीतून, चार पावलं चालली की सिग्नल.

पहिल्या वर्कशॉपनं स्कॅनर लावून दिवा घालवला. तो परत आला. मग त्यांनी गाडी जागच्या जागी तापवून आतली काजळी जाळली. दिवा पुन्हा आला. तेव्हा त्यांनी नवा फिल्टर सांगितला, आणि तो घालायचा तर गाडी विकलेली बरी, असा हिशेब निघाला.

नाना पेठेतल्या एका जुन्या गॅरेजवाल्याकडे शेवटचा प्रयत्न म्हणून हे गेले. मीही होते, कारण तिथूनच पुढे दवाखान्यात जायचं होतं. त्यानं स्कॅनर लावला, पाइप चाचपले, सेन्सर बघितला. मग इंजिनातलं ऑइल मोजायची काठी ओढून बघितली. ऑइल खुणेच्या वर चढलं होतं. त्यानं ते बोटांवर चोळून हुंगलं.

"ह्यात डिझेल उतरलंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काकू, सायलेन्सरच्या अलीकडे एक जाळी असते, फिल्टर म्हणतात ती. ती धुरातली काजळी अडवते. भरत आली की गाडी जास्तीचं डिझेल सोडून तिला तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी सलग पळावं लागतं, पंधरा-वीस मिनिटं तरी. गाडीची किडनीच समजा ना."

बोलून झाल्यावर त्याची नजर माझ्या हातावर गेली. सुया टोचून टोचून दोरखंडासारखी फुगलेली शीर त्यानं बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"समजलं," मी म्हटलं. "त्या विषयात माझा अभ्यास आहे. पुढे सांगा."

"भागांत दोष नाही," तो खाली बघत म्हणाला. "गाडी साफ करायला घेते आणि मध्येच कोणीतरी बंद करतंय. म्हणून जास्तीचं डिझेल न जळता ऑइलमध्ये उतरतंय."

"कोणी बंद करत नाही," हे म्हणाले. "गाडी मी स्वतः चालवतो."

मला एकदम आठवलं. "किल्ली काढल्यावरही पुढचा पंखा घोंघावत राहतो, तो त्यातलाच का? आणि तापलेल्या इस्त्रीसारखा वास?"

"तोच. कुठे होतं असं?"

"दवाखान्याच्या दारात. शिवाय सिग्नलला."

"काका, सिग्नलला गाडी बंद करता?"

हे ताठ झाले. "अर्थात. सुशिक्षित माणूस करतो."

ह्यांची ही सवय आमच्या लग्नाहून जुनी. स्कूटरच्या दिवसांपासूनची. लाल दिवा दिसला की किल्ली फिरवायची, मग पुढे दहाच सेकंद का उरलेले असेनात. शेजारच्यानं इंजिन चालू ठेवलं तर त्यानं मंडईत थुंकल्यासारखं त्याच्याकडे बघायचं. ह्या काटकसरीत ह्यांचा सगळा ताठा होता.

"ती सफाईला बसते आणि तुम्ही तिला उठवता," गॅरेजवाला म्हणाला. "मग अर्धवट राहतं, आणि पुढच्या वेळी त्यावर आणखी साठतं."

ही वाक्यं मी नेहमीच ऐकत होते. मशिनवर पायात गोळे यायला लागले की मी सिस्टरला म्हणायचे, आज जरा लवकर काढा हो. ती हेच म्हणायची, काकू, अर्धवट राहतं. आणि हे दारातून गरजायचे, "घाई कसली आहे? गाडी पकडायची आहे?" लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गॅरेजमधून निघाल्यावर मी तसं म्हणूनही दाखवलं. एरवी ह्यांनी दुप्पट परतवलं असतं. त्या दिवशी नुसते म्हणाले, "म्हणजे मीच मारली तिला."

मला राग आला. त्याच महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की किडनी बसवायचं ऑपरेशन माझ्या हृदयाला झेपणार नाही. हे स्वतःची द्यायला निघाले होते, जुळतही होती. आता जोवर चालेल तोवर मशिन. ते ऐकून घरी आल्यावर ह्यांनी एक शब्द काढला नव्हता, आणि गॅरेजमध्ये मात्र त्या जाळीबद्दल शंभर प्रश्न विचारले होते. मला त्या जाळीचा मत्सर वाटला, खरं सांगते.

गॅरेजवाल्यानं ऑइल बदललं होतं आणि निघताना शेवटचा उपाय सांगितला होता. मोकळ्या रस्त्यावर एका वेगानं न्या, मध्ये बंद करू नका. दिवा गेला तर गाडी वाचली, नाही गेला तर जाळी संपली.

रविवारी सकाळी आम्ही सोलापूर रस्त्याला लागलो. डायलिसिस सुरू झाल्यापासून ह्या रस्त्यावर मी पहिल्यांदाच येत होते. हडपसरला सिग्नल लागला आणि ह्यांचा हात किल्लीकडे गेलाच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी त्यावर हात ठेवला. मग दिवा हिरवा होईपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.

लोणी गेल्यावर इस्त्रीचा वास यायला लागला. उरुळी कांचनच्या पुढे माझ्या पोटरीत गोळा आला, असा की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"थांबवू?"

"नाही."

"अगं, पांढरीफटक पडली आहेस."

"पुढे बघून चालवा."

मी दाराची कडी धरून बसले. गाडी वाचायला हवी होती. रिक्षा परवडली, पण ह्या माणसाच्या हातून काहीतरी एक बरं व्हायलाच हवं होतं, असं मला फार वाटत होतं.

यवत मागे पडलं. पोटरी सैल झाली तेव्हा मी बघितलं, दिवा नव्हता. "गेला!" मी ओरडलेच. ह्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं हसतील, स्टिअरिंगवर थाप मारतील. चौफुला आला. तिथून वळता आलं असतं. हे वळले नाहीत.

"अहो, वळा आता. उद्या मशिन आहे."

"थोडं अजून जाऊ. अर्धवट राहायला नको."

"दिवा गेलाय हो."

"दिव्याचं कोण बोलतंय?"

आवाज ह्यांचा वाटेना. मी बघितलं तर डोळे वाहत होते, आणि वेगाचा काटा मात्र गॅरेजवाल्यानं सांगितला तिथेच होता. सोलापूरच्या पाटीवरचे किलोमीटर कमी होत होते. परत फिरावं लागणार हे दोघांनाही माहीत होतं, पण 'वळा' म्हणायला माझी जीभ उचलेना. पुढे पाटसचा टोलनाका दिसायला लागला.

"तिथे रांग असेल," मी म्हटलं. "गाडी बंद करू नका."