जाळीवरचं निशाण

आमच्या कचेरीचा मिस्त्री माणसांशी फारसा बोलत नसे. बोलायचा तो इंजिनाशी. वडवणीच्या रस्त्यावर साहेबांची मोटार तिसऱ्यांदा उकळली, तेव्हा मी सोबत होतो. पाणी, पट्टा, पंखा तपासून तो पुटपुटला, "गुदमरली गं बाई. वारा न्हाई तुला."

इंजिनाला वारा देणाऱ्या पुढच्या जाळीवर निजामसरकारच्या सालगिरहचं, म्हणजे वाढदिवसाचं, पिवळं निशाण घट्ट ताणून बांधलेलं होतं. ते सोडणं म्हणजे थेट तुरुंग. साहेब छडी आपटत ओरडले, "क्या हुआ, बोलो!"

मिस्त्रीनं हात पुसले, गाठी सोडल्या, निशाणाची घडी कपाळाला लावली आणि साहेबांपुढे धरली. "हुजूर, हे धुळीत बरं न्हाई. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

ते दोन्ही हातांनी घ्यायला साहेबांना छडी खाली ठेवावी लागली.