मुराळ्याची गाडी

आक्काला आणायला मी आजवर कशाकशावर गेलो ते ऐकलंत तर माणूस कसा वर चढत गेला हे तुमच्या लक्षात येईल. आधी सायकल, मग एसटी, मग मोटारसायकल, मग एक चिमुकली कार. आणि शेवटी जिच्यावर गेलो ती एवढी उंच होती की आक्का तिच्यात आलीच नाही.

सणाला सासरहून लेकीला माहेरी घेऊन यायला जो जातो तो मुराळी. आमच्या घरात हे काम माझं. आक्का सिद्धेश्वरच्या धरणाकडं दिलेली. गावापासून आत, कॅनॉलच्या काठानं, तिचा आखाडा. म्हणजे शेतातलं घर. ती आता स्वतः सासू आहे, नातवंडं खेळवते, पण मुराळी आल्याशिवाय माहेराला निघत नाही. एकदा तिचा पोरगा म्हणाला, चल, मी सोडतो मोटारसायकलवर. "काहून? माझा भाऊ मेला का?" एवढंच बोलली आणि भाकरी थापत बसली. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे मीच. हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर बरं झालं असतं, निदान झोप तरी लागली असती.

चिमुकल्या कारची गोष्ट अशी. दिवाळीच्या सुमाराला कॅनॉलला पाणी सुटलं की आखाड्याच्या वाटेचा काळा चिखल होतो. त्यात माझी कार पोटावर बसली. दाजींनी, म्हणजे आक्काच्या नवऱ्यानं, बैलजोडी आणून ती ओढून काढली. वर बैलांना म्हणाले, "ओढा बाबांनो, पाव्हण्याचं खेळणं हाय, मोडूं नका." आक्का पदर तोंडाला लावून हसत होती. हसत हसत मागच्या सीटवर बसली आणि माहेराला आली. तिच्या दृष्टीनं विषय मिटला. माझ्या मात्र मनात बैल रुतून बसले.

मी हिंगोलीत हळदीचा आडत्या. तेव्हा भाव बरा होता. मी ती कार विकून टाकली आणि जाहीर केलं, आता येईन तर चेसिसच्या गाडीनं येईन. ज्यांना हे कळत नाही त्यांना (पूर्वी मी हे न विचारता सांगत असे) सांगतो: साध्या कारला अंगच असतं, हाडं वेगळी नसतात. या मोठ्या गाड्यांना खाली ट्रकसारखी लोखंडी चौकट असते, आणि तिच्यावर कातडी गाद्यांची खोली ठेवलेली असते. म्हणजे ट्रकच, पण आंघोळ करून आलेला. मोबाइलवर तिचे व्हिडिओ पाहून पाहून मी इतका पंडित झालो की आडतीवर लोक हळदीचा भाव विचारायचे आणि मी त्यांना चिखलात चारही चाकं कशी फिरतात ते सांगायचो.

त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला गाडी ठरवायला निघालो आणि बातमी आली, मॉडेल बदलणार. आक्काला फोन लावला.

"आक्का, यंदा जरा थांब. नवी गाडी येऊन राहिलीय."

"मला माहेराला यायचंय. गाडीला काय करू?"

"तसं न्हाई. आता घेतली तर दोन महिन्यांत जुनी होती. मग लोक म्हणतेत, जुनं मॉडेल घिऊन आला."

"कोण लोक? हितं मी, तुझे दाजी अन् दोन म्हशी हायेत."

आमची घरची म्हणाली, "आहो, जीप तरी करा भाड्यानं, घेऊन या त्यांना." मी तिला उत्तर दिलं की मुराळ्याला काही इज्जत असते. ती माझ्याकडं बघत राहिली. तिला बहुतेक इज्जतीचं मॉडेल कोणत्या सालचं ते विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवाळीला नवं मॉडेल आलं. तोंडावरची जाळी बदललेली आणि दिवे बारीक केलेले, बाकी तेच. जाणकारांनी सांगितलं, खरा बदल पुढच्या साली. शिवाय वर्षअखेरीला गाडी घ्यायचीच नसते. डिसेंबरात घेतली तर जानेवारीत एका रात्रीत वर्षानं म्हातारी होते. हे मला तेव्हा फार मोठं शहाणपण वाटलं. मी पुन्हा फोन केला. आक्का या वेळेला भांडली नाही. "बरं," म्हणाली. मग विचारलं, "दारातल्या कडुनिंबाला पार बांधणार व्हतास, बांधला का?" मी म्हणालो, बांधला. बांधला नव्हता. दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. खोटं बोलल्यावर काम लवकर होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

तिसऱ्या वर्षी वेगळीच हवा सुटली. नांदेडच्या गाड्यांच्या दुकानातल्या पोरानं मला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, एखाद्या घरात दुःखाची बातमी सांगावी तसं सांगितलं: "साहेब, या चेसिसवाल्या गाड्यांचे दिवस भरले. पुढं सगळं कारसारखं होणार, बॅटरीवर चालणार. घ्यायची तर आत्ताच घ्या, नाहीतर ही जात मिळायची नाही." मी घाबरलो. किती वजन ओढते, किती पाण्यातून जाते, किती चढ चढते, सगळं विचारलं. सीट जमिनीपासून किती उंच आहे तेवढं विचारलं नाही. सही केली. घरी आल्यावर लक्षात आलं की पहिल्या दिवाळीला जी घ्यायला निघालो होतो तीच गाडी मी घेतली होती. फक्त जाळी वेगळी.

नरसीच्या देवळापुढं नेऊन नारळ फोडला, आरशाला लिंबू-मिरची बांधली आणि दिवाळीच्या आधी निघालो. कॅनॉलच्या वाटेवर चिखल होताच. एक बटण दाबलं आणि गाडी अशी गेली की मला बैलांची कीव आली. तोऱ्यातच आखाड्यावर पोचलो. तिथं शेजारच्या आखाड्यावरच्यांची जुनी पिकअप माझ्या आधीच येऊन उभी होती. ते लोक शेळ्या-मेंढरं पाळतात, बाजाराला नेतात. ती खटारा गाडी त्याच चिखलातून कशी आली हे मी विचारलं नाही. काही प्रश्न स्वतःहून विचारू नयेत.

"जहाज आलं गं," दाजी ओरडले.

आक्का बाहेर आली. नवं लुगडं, हातात पिशवी. तयार होऊन सकाळपासून बसली असणार. मी तिला पाहिलं आणि माझ्या तोंडचं गाडीचं कौतुक तोंडातच राहिलं. ती भिंत धरून चालत होती. एक पाय टाकायची, थांबायची, मग दुसरा ओढून घ्यायची.

"गुडघ्याला काय झालं?"

"काय न्हाई. तकलीफ हाय जराशी. लई मोठी गाडी हाय रं!"

मी दार उघडलं. तिनं आतली मूठ धरली, पायरीवर पाय ठेवायला उचलला. पाय वीतभर उठला आणि तिथंच थांबला. पायरी त्याच्या बरीच वर होती. पुन्हा उचलला. मी म्हणालो, "जोर लाव." ती म्हणाली, "लावूनच राहिले." दाजींनी पाट आणला. पाटावर उभी राहिली, पण पाटावरूनही पायरी लांबच. मग पेंडीचं पोतं आडवं टाकलं, ते दबलं. मग दाजी मागून ढकलायला गेले तर आक्का म्हणाली, "सोडा, लेकरं बघून राहिली." त्यावर आम्ही सगळे हसलो. आक्काही हसली. मग तिनं मूठ सोडली, पिशवी उचलली.

"जा बाबा तू. म्होरल्या साली बघू."

इथं गप्प बसणारा माणूस शहाणा. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "आक्का, पुढच्या मॉडेलला आपोआप खाली येणारी पायरी येऊन राहिलीय म्हणे."

दाजी तंबाखू मळत म्हणाले, "आमच्या मॉडेलचं कसं हाय पाव्हणं, त्याचे पार्टच बंद झाले."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं. "पहिल्या साली आला असतास," ती म्हणाली, "तर बैलगाडीत बी उडी मारून बसले असते." आणि पिशवी घेऊन आत जायला वळली. ती भिंत धरत धरत दारापर्यंत जाईस्तोवर मी नव्या गाडीचं दार धरून उभा होतो. ते दार फार जड आहे. ते बंद होतानाच्या आवाजाचंही व्हिडिओत कौतुक असतं.

तेवढ्यात पिकअपमध्ये शेळ्या चढवायचं काम सुरू झालं. मागचं फळकं खाली पाडलेलं, त्याला जाड रुंद फळी तिरपी लावलेली, आणि एकेक शेळी टकटक करत वर जात होती. आक्का दारात थांबली. बघत राहिली.

"भाऊ," तिनं पिकअपवाल्याला हाक मारली, "हिंगोलीला चाललास का बाजाराला?"

"व्हय आक्का."

"एक खुर्ची बसती का?"

मी पुढं झालो. "आक्का, काय बोलून राहिलीस? शेळ्यांत?"

"शेळ्या चढतेत, मला काय धाड भरली?"

फळीवर ती एकेक पाऊल सरकवत गेली. गुडघा उचलायचा नव्हता, नुसता सरकवायचा होता. वर पोचल्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत टेकली, पदर सावरला आणि शेळ्यांच्या वरून माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तुमी चला, मी मागं गाडी घेऊन येतो."

"मागं?" आक्का म्हणाली. "मुराळी मागून येतो व्हय?"

गाडी आखाड्यावर ठेवून मी फळीवरून वर गेलो. एका हातानं खुर्ची आणि दुसऱ्या हातानं आक्काचा दंड धरून, हिंगोलीपर्यंत शेळ्यांच्या मुतात उभा राहिलो. खड्डा आला की तिचे दोन्ही हात गुडघ्यावर जायचे. ती कण्हत नव्हती, मला शेळ्यांची नावं सांगत होती. मध्ये एकदा म्हणाली, "पहिल्या साली नुसतं दुखायचं. उभं ऱ्हाता यायचं तवा." तक्रार म्हणून नाही, कुणाला पाऊस कधी पडला ते सांगावं तसं. मी खुर्ची आणखी घट्ट धरली. जणू काही तेव्हा धरायचं राहिलेलं आता भरून निघणार होतं.

आमच्या घरचीनं दारात भाकरतुकडा ओवाळला. माझ्याकडं नाक धरून पाहिलं. "आहो, गाडी कुठंय?"

"कोणती गाडी?" आक्का म्हणाली. "मी त मुराळ्यासंगं आले."

भाऊबीज झाली. गाडी आणायला निघणार तर दाजींचा फोन. "पाव्हणं, येऊं नका. जहाजाखाली खुडूक कोंबडी बसलीय अंड्यावर. लई उंच जागा हाय, हवेशीर. पिल्लं निघूस्तोवर हलवायची न्हाई." त्या उंचीचा कुणाला तरी उपयोग झाला होता. मी आक्काला सांगितलं. ती पारावर बसली होती, कडुनिंबाखाली, पाय लांब करून. "मग गाडी येईस्तोवर मी बी हाय हितंच," म्हणाली. वास्तविक परत जायलाही तिला पिकअपच लागणार होती, गाडीचा काही संबंध नव्हता. पण हे आम्ही दोघंही बोललो नाही. मी आडतीवर जुन्या मोटारसायकलनं जायला लागलो.

मधे पुढच्या सालच्या मॉडेलचा व्हिडिओ मोबाइलवर आला. खाली येणारी पायरी होती त्यात, खरंच. मी पाहिला नाही असं म्हणणार नाही. अर्धा पाहिला. मग रात्री आक्काच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसलो. तेवढं मी दिवाळीपासून करत होतो. ती डोळे मिटून म्हणायची, "हितं. खाली. बराबर." चोळता चोळता मला रोज तेच वाटायचं, की हे गुडघे पहिल्या दिवाळीला माझ्या दाराशी यायला तयार होते आणि मी एका जाळीसाठी त्यांना थांबवलं.

काल सकाळी पुन्हा दाजींचा फोन आला. "निघाली हो पिल्लं. गाडी मोकळी. न्या कवाबी." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आत्ताच तुमच्या आक्काला बी सांगितलं फोनवर."

मी अंगणात आलो. आक्का पारावर शेंगा फोडत बसली होती. वर न बघता तिनं विचारलं, "कोंबडी काय म्हणती?"

"बसलीय अजून," मी म्हणालो.

"बसू दे," आक्का म्हणाली, आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.