मालन आणि दोन श्रावण

काळाचौकीच्या त्या चाळीत १९५९च्या वैशाखात दोनच प्रश्न होते. मुंबई महाराष्ट्राला कधी मिळणार, आणि जयवंताच्या मालनचं पोट कधी उतरणार? पहिल्याचं उत्तर समितीच्या सभेत दर आठवड्याला नव्याने मिळे. दुसऱ्याचं उत्तर नळावरची प्रत्येक बाई देत होती, आणि एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. मालन आपली सगळ्यांना हो म्हणायची. तिचा स्वभावच तसा होता, समोरचा जे म्हणेल ते तिला खरं वाटे.

त्या मंगळवारी सकाळी परळच्या इस्पितळात डॉक्टर राजलक्ष्मीबाईंनी तिचं पोट तपासलं आणि केसपेपर पुन्हा वाचला. बाई गिरगावातल्या, बोलणं शुद्ध आणि मोजकं.

"मालनबाई, तारखेच्या वर पंधरा दिवस गेलेत. कळा आपणहून येत नाहीत, तर आपण आणू. आज भरती व्हा. उद्या सकाळी शिरेतून थेंब थेंब औषध सोडू."

"आणि नाय आणल्या तर?"

"तुमचं पहिलं मूल कसं गेलं, तुम्हीच सांगितलंत ना?"

सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी गावी, कुडाळजवळ, दिवस वर गेले तरी सुईण म्हणाली थांबा. थांबले. मूल आलं ते गप्पच आलं, अंगाची कातडी सुटलेली. मालनने ते एकदाच पाहिलं होतं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं तिला शंभर टक्के पटलं.

"संध्याकाळी घरच्यांना घेऊन या. सही लागेल," बाई म्हणाल्या.

खाली उतरताना तिला वॉर्डाच्या दाराशी कमल दिसली. शिवडीची, तपासणीच्या रांगेत ओळख झालेली. कमलला आठव्यातच कळा लागल्या होत्या. बाळ कापसात गुंडाळून ठेवलं होतं, मुठीएवढं तोंड, श्वास घेताना छाती आत जात होती.

"कच्चं आलं गं," कमल म्हणाली. "अजून महिनाभर आत हवं होतं."

आणि मालन तिथेच थबकली. कारण एक गोष्ट तिने डॉक्टरला सांगितली नव्हती, नवऱ्याला नाही, कुणालाच नाही.

केसपेपरवरची शेवटच्या पाळीची तारीख सासूने दिली होती. दहा बाय बाराच्या खोलीत सून बाजूला बसली की अख्ख्या मजल्याला कळतं. शेवंतीबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं होतं, अधिक श्रावण लागला आणि चार दिवसांनी ही दाराशी बसली, त्यानंतर बसलीच नाही. गेल्या साली श्रावण दोन आले होते ना, आधी अधिक, मग निज. खरे सणवार सगळे दुसऱ्यात. जयवंताने कॅलेंडर पाहून जुलैची तारीख काढली आणि कारकुनाने ती लिहून घेतली.

पण दुसऱ्या श्रावणात, नागपंचमीच्या पहाटे, मालनला पुन्हा डाग दिसला होता. पहिलं मूल गेलं ते नागाच्या दोषाने, असं शेवंतीबाईंच्या मनाने घेतलेलं. म्हणून पाटावर गंधाचा नाग काढून सुनेच्या हातून पुजायचा नवस होता. दूध, लाह्या मांडून झालं होतं, शेजारणी येऊन बसल्या होत्या. अशा वेळी 'मी बाजूला बसते' म्हणायला मालनची जीभ रेटली नाही. तिने नाग पुजला. त्या दोन दिवसांच्या कापडाच्या घड्या लपवून धुतल्या आणि मनाला समजावलं, ही काही पाळी नव्हे.

मग काय होतं ते? नेहमीपेक्षा कमीच होतं. दिवस राहिल्यावरही काहींना थोडं जातं, असं नळावर कोणीतरी म्हणालं होतं. तसं असेल तर बाळाचे दिवस भरून वर गेलेत, आणि थांबणं म्हणजे पुन्हा गावचंच. पण ती पाळीच असेल, तर उद्या हे औषध सोडून कमलच्या बाळासारखं कच्चं बाहेर ओढायचं. घरी जाईपर्यंत तिने चार वेळा ठरवलं आणि चार वेळा मोडलं. डोकं नुसतं पिंजून निघालं.

संध्याकाळी तिघं इस्पितळात गेली. जयवंत सभेचा बिल्ला खिशाला लावूनच आला होता.

"मालन, बाई सांगतात तसं करू. आपल्याला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून त्याने पेन हातात घेतलं.

"थांबा जरा," मालन म्हणाली. आपलाच आवाज तिला परका वाटला. सासूकडे न बघता तिने सगळं सांगून टाकलं, पहाटेचा डाग, पाटावरचा नाग, लपवलेल्या घड्या. जयवंताचं पेन हातातच राहिलं.

राजलक्ष्मीबाईंनी केसपेपर पुन्हा पुढे ओढला. "ओटीपोट दुखलं होतं?"

"नेहमीसारखं."

"बाळ पहिल्यांदा कधी हललं?"

"संक्रांतीच्या चार दिवस आधी."

बाई बोटांवर मोजत राहिल्या. "जुलै धरला तर हे फार उशिरा. ऑगस्ट धरला तर बरोबर बसतं. म्हणजे दिवस भरायला अजून दोन आठवडे आहेत. छातीठोक सांगत नाही. दर तिसऱ्या दिवशी येऊन बाळाचे ठोके दाखवायचे, आणि हालचाल कमी वाटली तर तसंच उठून यायचं. उद्याचं औषध नको."

मालनला हायसं वाटायला हवं होतं. पण सासू काय म्हणते याची ती वाट बघत होती. शेवंतीबाई बाकावरून उठून तिच्यासमोर आल्या.

"म्हणजे त्या दिसा तू तशीच नाग पुजलंस?"

"होय, आये."

"आणि पोर पोटात रवला ता त्याच्या मागसून?"

मालनने मान डोलावली. रडू आवरेना.

"मगे रडतंस कित्याक? नागोबा रागावलो नाय ना? पोट दिल्यान तुका!" शेवंतीबाईंनी पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं. "चल, घराक चल."

सोळाव्या दिवशी कळा आपणहून आल्या. मुलगी झाली, घसघशीत, रडून वॉर्ड डोक्यावर घेणारी. मुंबईला अजून वर्षभर थांबावं लागणार होतं. चाळीत बाया खोदखोदून विचारायच्या, एवढे दिवस वर कसे गेले हो? शेवंतीबाई तांदूळ निवडताना मानही वर करत नसत.

"वर खय गेले? मीच मोजूक चुकलंय," म्हणायच्या.