टाकी कोणी भरली?

देवू जिव्या करबट हा माणूस चौदा वर्षं रोजंदारीवर होता आणि चौदाही वर्षं ‘येत्या मार्चनंतर कायम’ होणार होता. मार्च यायचे नि जायचे. पालघरच्या पाण्याच्या कचेरीत त्याचं काम म्हणाल तर काहीच नाही आणि म्हणाल तर सगळंच. गळक्या नळाची चकती बदलायची, पंपाला तेल घालायचं, विहिरीत पडलेली बादली काढायची, साहेब आले की त्यांची छत्री धरायची. त्याचा पाडा उमरोळीच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला. सातवी पास झालेला तिथला तो एकटाच, त्यामुळे पाड्यावर त्याला मान होता. कचेरीत नव्हता.

सत्याऐंशी साली मात्र त्याची फाईल खरोखरच वर गेली. आस्थापनेच्या टेबलावरच्या मंगलाताईंनी त्याला बोलावून सांगितलं, “देवू, या खेपेला नक्की. फक्त सहा महिने अंगावर ठपका येऊ देऊ नकोस.” देवूने हे घरी बायकोला, मंजुळाला सांगितलं. मंजुळा दरवर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर खोकत परत यायची. ती एवढंच म्हणाली, “मंग अवंदा भट्टी नाय?” “नाय,” देवू म्हणाला. या एका शब्दासाठी तो साहेबांची छत्री आणखी चौदा वर्षंही धरायला तयार होता.

बुधवारी संध्याकाळी देवू प्रतापभाऊंच्या ओटीवर टीव्ही बघायला जायचा. प्रतापभाऊंची चिकूची वाडी होती आणि पंचक्रोशीत रंगीत नसला तरी चालू असलेला टीव्ही त्यांच्याकडेच. बुधवारी ‘कळविण्यात येते की’ नावाची मालिका लागायची. एक नगरपालिका, तिथले सुस्त साहेब आणि सगळ्यांचे जोडे खाणारा नाम्या नावाचा शिपाई. ओटीवर हसून हसून लोकांची मुरकुंडी वळायची. देवू तर डोळे पुसायचा, कारण नाम्याही रोजंदारीवर होता.

एका बुधवारी नाम्याच्या गावात नळाचं उद्घाटन निघालं. पाण्याचा पत्ता नाही. साहेब म्हणाले, टाकी भर, कशी ते तू बघ. नाम्याने रात्रभर बादल्या वाहिल्या. पाहुण्यांनी तोटी सोडली, टाळ्या पडल्या, आणि पाहुण्यांनी हौसेने तोंडाला साबण लावला तेव्हा पाणी संपलं. प्रतापभाऊ म्हणाले, “अरे, असं कुठं होतं काय?”

पुढच्या सोमवारी साहेब देवूच्या पाड्यावर आले. तिथे नवी टाकी उभी होती, तीन तोट्या बसवल्या होत्या, पंपही होता. विजेचे खांब तेवढे आले नव्हते. मुंबईहून पाहुणे मात्र गुरुवारी येणार होते.

“टाकी भर,” साहेब म्हणाले. “कशी ते तू बघ.”

देवू चाचरत म्हणाला, “साहेब, ह्या टीव्हीवर दाखवला व्हता. नाम्यानं असाच केला.”

“मग तुला शिकवायला नको,” साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले. आता या माणसाला काय म्हणावं! गाढवाला निदान आपण गाढव असल्याचं कोणी पडद्यावर दाखवलेलं नसतं. साहेबांना दाखवलं होतं.

देवू नाही म्हणू शकला असता का? मला नाही वाटत. नाही म्हणणं म्हणजेच ठपका. त्याने पाड्यातल्या बायांना हात जोडले. गुरुवारी उजाडता उजाडता चाळीस बाया अर्ध्या कोसावरच्या विहिरीवर गेल्या आणि प्रत्येकीने तीन-तीन हंडे आणून त्या टाकीत ओतले. शिडीवर देवू आणि त्याचा चुलतभाऊ चिंतू हंडे वर घेत होते. तुम्हाला आता पाणी वाहायला लागणार नाही, हे दाखवायला त्यांनी एकशेवीस हंडे पाणी वाहिलं. नवसी तेवढी बोलली, “देवू, टाकी आमाला पानी देनार का आमी टाकीला?” बाकीच्या हसल्या. देवूला हसू आलं नाही.

पाहुणे अकराला आले. नारळ फुटला, तोटी सुटली, टाळ्या झाल्या. मग पाहुणे भाषणाला उभे राहिले आणि सव्वा तास उभेच राहिले. इथे साहेबांचा हिशेब चुकला. त्यांना वाटलं, बाया मांडवात बसून ऐकतील. पण पाड्यात एक रीत आहे. शिकारीचं असो की रानातल्या कंदांचं, ज्याने जेवढं आणलं तेवढं त्याचं. दुसऱ्याने ते उघड्यावर ठेवलं म्हणून ते दुसऱ्याचं होत नाही. मांडवामागे तिन्ही तोट्यांवर रांग लागली. ना गडबड, ना भांडण. जिने तीन हंडे आणले होते तिने तीनच नेले; एक घरी रिकामा करायचा, परत यायचं आणि आपल्या पाळीला उभं राहायचं. चौथा हंडा एकीनेही भरला नाही. देवू साहेबांमागे छत्री धरून उभा होता. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि त्यांना अडवायला लागणारा शब्द त्याच्याजवळ नव्हता. पाणी त्यांचंच होतं.

भाषण संपलं. पेढ्याने हात चिकट झाले म्हणून पाहुणे तोटीपाशी गेले. कोणीतरी पुढे होऊन साबण दिला. त्यांनी दोन्ही हात फेसाने भरले आणि तोटी फिरवली. तोटी फुस्स करून गप्प झाली. फोटोवाला तयारच होता. वार्ताहराने नवसीला विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, “संपला. आमचा आमी नेला.”

पेपरात फोटो आला. कचेरीत धावपळ उडाली आणि चौकशी बसली. चौकशीचा मुद्दा काय, तर खांब का नव्हते हा नव्हे. टाकी कोणी भरली, हा.

त्या बुधवारी नाम्याच्या नगरपालिकेतही चौकशी बसली. सगळ्यांची बोटं नाम्याकडे वळली आणि साहेबांनी त्याच्यापुढे एक टाईप केलेला कागद ठेवला: ‘मी स्वतःच्या मर्जीने, वरिष्ठांना न विचारता टाकी भरली.’ ओटीवर कोणी हसलं नाही. प्रतापभाऊंनी उठून आवाज कमी केला.

शुक्रवारी साहेबांनी देवूपुढे कागद ठेवला. देवूने वाचला. शब्द न शब्द तेच होते. मागचे दोन दिवस त्याची झोप उडाली होती, छातीत धडधडत होतं. कागद वाचला आणि ते सगळं एकदम थांबलं. राग आला नाही, भीती वाटली नाही. हाताला मुंग्या येऊन हात आपला वाटेनासा होतो, तसं त्याचं सगळं अंग झालं.

“सही कर,” साहेब म्हणाले. “तुझी फाईल मी सांभाळतो.”

त्याने सही केली. घरी मंजुळाने विचारलं, “सही कशाला केलीस?” तो म्हणाला, “नाम्यानं केली व्हती.”

पुढच्या बुधवारी अख्खा पाडा प्रतापभाऊंच्या अंगणात उतरला. चिंतू, नवसी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. आजवर टीव्हीकडे ढुंकूनही न बघितलेली मंजुळा पुढे येऊन बसली. देवूचं काय होणार, ते त्यांना आजच कळणार होतं. नाम्याला कामावरून काढलं तेव्हा सगळ्यांनी देवूकडे बघितलं. पण मालिका तिथे संपली नाही. नगरपालिकेत दुसरा घोटाळा झाला, आणि दोष घ्यायला कोणी मिळेना. तेव्हा ठराव करून नाम्याला ‘कायम दोषी’ या नव्या जागेवर, पगारवाढीसह, परत घेतलं. वाजंत्री वाजली आणि मालिका कायमची संपली. अंगणात एकच गलका झाला. नवसीने देवूच्या पाठीवर थाप मारली. मंजुळा डोळ्यांत पाणी आणून हसली. देवू हसला नाही. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि याचं त्याला थोडं आश्चर्य वाटलं.

सोमवारी त्याला कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं. आता पुढे नाम्यासारखं परत बोलावणं येणार, असं पाडा धरून चालला. दिवाळी आली. मुकादम भट्टीच्या माणसांची नावं घ्यायला आला तेव्हा मंजुळाने देवूकडे पाहिलं. देवू म्हणाला, “जा तू. मी थांबतो. बोलावलां तर?” ती एकटी गेली.

फेब्रुवारीत कचेरीतून खरंच पाकीट आलं. देवूने ते उंबऱ्यावर उभं राहून वाचलं. ‘श्रीयुत देवू जिव्या करबट यांना आपल्या आस्थापनेवर कायम करण्यात येत आहे.’ वर गेलेली फाईल आपल्या चालीने खाली आली होती. मधल्या काळात हा माणूस कमी झाला, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तो पाकीट घेऊन पालघरला गेला. मंगलाताईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. “देवू,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हे चुकून आलंय रे. तू कमी आहेस. कमी माणसाला कायम करता येत नाही.” शेजारच्या टेबलावरचा कारकून खो खो हसत म्हणाला, “आयला, हे टीव्हीवाल्यांना नाही सुचलं!” मंगलाताईंनी त्याला गप्प केलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. त्या म्हणाल्या, “आदेश परत घ्यावा लागेल. मिळाला आणि परत केला, अशी सही दे.”

देवूने सही दिली. कागद देण्यापूर्वी त्याने तो आणखी एकदा वाचला. चौदा वर्षांत त्या कचेरीतल्या कुठल्याही कागदावर त्याच्या नावाआधी श्रीयुत लागलं नव्हतं. त्याने तो नीट घडी करून स्वतःच्या हाताने मंगलाताईंच्या टेबलावर ठेवला, आणि मंजुळाची भट्टी कुठे आहे ते मुकादमाला विचारायला गेला.