अठ्ठावीस तारखेतला वाटा

क्रीमताईंचा फेब्रुवारी महिन्यावर राग होता. बेकरीत केकवर फुलं काढायची, वेली काढायच्या, लोकांची नावं लिहायची, हे त्यांचं काम. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. वर्षभर त्यांचा हात कसा लोण्यासारखा फिरायचा. फेब्रुवारी लागला, की मात्र पोटात दुखायला लागायचं. त्यांचा स्वतःचा वाढदिवस अठ्ठावीसला आणि धाकट्या बहिणीचा, छोटीचा, एकोणतीसला.

आता एकोणतीस तारीख काय दरवर्षी येते? तीन वर्षं ती नसायची, तेव्हा छोटीचा वाढदिवस मुक्कामाला अठ्ठावीसवर यायचा. एकच केक, त्यावर दोन नावं, आणि मेणबत्तीवर फुंकर मारायला छोटीच पुढे. चौथ्या वर्षी, म्हणजे लीप वर्षात, खरी एकोणतीस उगवायची. मग घरातले म्हणायचे, "आज काय घाई आहे? उद्या दणक्यात करू की." म्हणजे तीन वर्षं वाटणी आणि चौथ्या वर्षी तोंडाला पानं पुसलेली.

त्यातून क्रीमताई स्वतःही लीप वर्षातल्याच. आई असेपर्यंत पाहुण्यांना सांगायची, "ही माझी उतावळी. एक दिवस पोटात थांबली असती, तर हिचंसुद्धा कौतुक झालं असतं." पाहुणे हसायचे. 

बेकरीच्या मालकांना मात्र हा महिना भारी प्रिय. फेब्रुवारीचं नाव म्हणे साफसफाईवरून पडलं. जुन्या काळचे रोमन लोक या महिन्यात सगळं शुद्ध करून घेत. म्हणून मालक महिनाभर भट्ट्या आणि ट्रे घासून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "मनातलंही खरवडून काढा." आणि एकोणतीसला जन्मलेल्या गिऱ्हाइकाला ते फुकट केक द्यायचे. तो दिवसभर दर्शनी काचेत ठेवायचा, आणि त्यावर वय लिहायचं ते फक्त एकोणतिसाव्या तारखा मोजून. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या केकवर वीस. क्रीमताईंनी ट्रे लख्ख घासले, पण आपल्याला अशी एक बहीण आहे, हे मालकांना कधी सांगितलं नाही.

यंदा लीप वर्ष होतं आणि क्रीमताईंना साठ पूर्ण होत होती. त्यांनी घरात बजावून ठेवलं होतं, की साठावा माझा एकटीचा, अठ्ठावीसलाच. नवऱ्याने मान डोलावली होती. पण अठ्ठावीसच्या संध्याकाळी केक टेबलावर ठेवला, तसा तो म्हणाला, "अगं, छोटी उद्या येतेच आहे. दोन्ही एकदमच कापू ना." केक फ्रिजमध्ये गेला. क्रीमताईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी कामावर पाऊल ठेवतात, तोच मालक समोर. "ताई, तुमची बहीण एकोणतीसची, आणि इतकी वर्षं बोलला नाहीत? त्यांनीच फोन केला. येतायत दुपारी. चौदा लिहा."

क्रीमताईंनी चॉकलेटचा कोन भरला. चौदा? आपण साठीच्या म्हाताऱ्या आणि ही चौदाची पोर? त्यांनी केकवर ठसठशीत छप्पन्न लिहिलं आणि केक काचेत नेऊन ठेवला.

छोटी आली ती ऑफिसातल्या चार जणींना घेऊन, हातात चौदाचा फुगा. केक पाहून मालकांचा चेहरा पडला.  क्रीमताई गल्ल्याशेजारी उभ्या राहून वाट पाहत होत्या, की आता हिचे डोळे भरतील.

भरलेही. "छप्पन्न," छोटी म्हणाली. "हे कधी कुणी लिहिलंच नाही गं, ताई. सगळ्यांसाठी मी कायम लहान. हे गेले तेव्हा घर विकायचं की ठेवायचं, तेसुद्धा मला कुणी विचारलं नाही. म्हणे, तुला काय कळतंय."

चौघींनी टाळ्या वाजवल्या. क्रीमताईंना वाटलं, घ्या, सूड उगवला तर तोही हिच्याच पदरात पडला. त्यांना राहवलं नाही. "मी मुद्दाम लिहिलंय. तुझा पचका व्हावा म्हणून."

"माहितीये. तू इतकं दाबून कधी लिहीत नाहीस." छोटीने डोळे पुसले. "काल तुझी साठ झाली ना? केक कापलास?"

"तुझ्यासाठी ठेवलाय. फ्रिजमध्ये."

छोटीने हातातला फुगा एकीकडे दिला. मग म्हणाली, "पुढच्या वर्षापासून मी एक मार्चला करत जाईन. अठ्ठावीस तुझी."

पुढच्या वर्षी अठ्ठावीस तारीख खरोखरच सगळीच्या सगळी क्रीमताईंची झाली. केकवर एकच नाव. नवऱ्याने बेसूर गाणं म्हटलं, आणि दिवेलागणीपर्यंत सगळं आटोपलंही. केक कापताना त्यांच्या हाताने सवयीने अर्धा बाजूला काढला. आता काढलाच आहे तर राहू दे, म्हणून त्यांनी तो झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी, एक मार्चला, त्यांनी छोटीला फोन लावला. मागे हसणं, भांड्यांचा आवाज, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय. "ताई, खूप जण आलेत गं. उद्या निवांत बोलू?"

"बोलू की," क्रीमताई म्हणाल्या आणि फ्रिज उघडून त्या अर्ध्या केककडे बघत राहिल्या. फेब्रुवारीवरचा जन्मभराचा राग त्यांनी तिथेच सोडला, आणि तो सगळा मार्चवर धरला.