गॅरेजातली ओल

त्याला सगळे ओळंबा म्हणत. जन्मभर गवंडीकाम केलं, आणि ओळंब्याच्या दोरीपासून भिंत केसभर कलली तरी पाडून पुन्हा उभी केली. हाताखालचे मजूर कुरकुरायचे, मालक हात जोडायचे, पण हा ऐकेल तर शपथ. पुढे गुडघे गेले, काम सुटलं, नाव मात्र चिकटून राहिलं.

त्याचा थोरला भाऊ सध्या त्याच्या गॅरेजात झोपत होता. आला होता तो घरात राहायला. बायको गेल्यावर दादा एकटा पडला, म्हणून ओळंब्यानंच त्याला आणलं. दादाचं आयुष्य फरश्या घासण्यात गेलेलं. दगडाची धूळ छातीत ठाण मांडून बसलेली. आल्या आठवड्यातच त्यानं बायकोचा फोटो लावायला बाहेरच्या खोलीच्या भिंतीत खिळा ठोकला आणि गिलाव्याचा टवका उडाला.

"माझ्या घरात मला विचारल्याशिवाय खिळासुद्धा ठोकायचा नाही," ओळंबा म्हणाला.

दादानं पकडीनं खिळा उपटला, फोटो काखेत मारला आणि वळकटी उचलून गॅरेज गाठलं.

बोललेलं मागे घ्यायला ओळंब्याची जीभ वळेना, म्हणून त्यानं हात चालवले. शटरखालून वारा येतो म्हणून रबराची पट्टी बसवली. वरचे दोन्ही झरोके विटांनी बुजवले. भेगा भरल्या. मुंगी शिरणार नाही असं चोख काम. गारठा थांबला, पण माणसाच्या श्वासाची वाफ जाणार कुठे? भिंतींना पाझर फुटला, उशीला बुरशीचा वास यायला लागला, आणि दादाचा खोकला पार स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागला.

"ते झरोके फोडा आधी," ओळंब्याची बायको म्हणाली.

"फोडले तर गारठेल तो."

"मग घरात आणा."

"येत नाही तो."

"अहो, बोलावलंत कधी? दादांना परत आणायचं सोडून तुम्ही त्यांना तिकडे खोली बांधून देताय."

ओळंब्यानं टेप लावून गॅरेज मोजलं आणि तो ओल शोषणारं यंत्र आणायला दुकानात गेला.

दुकानातली बाई चटपटीत होती. लांबीरुंदी किती, थंडी कितपत पडते, साचलेलं पाणी हातानं ओतणार की नळी सोडणार, सगळं विचारलं. त्यानं भराभर सांगितलं. मग तिनं विचारलं, "आत असतं काय?"

पाठच्या भावानं थोरल्याला गॅरेजात झोपवलंय, हे परक्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं?

"गाडी," तो म्हणाला.

"मग हे दणकट न्या. आवाज करतं, पण गाडीची झोप थोडीच मोडतेय!"

यंत्र आडवं करायचं नाही असं तिनं बजावलं होतं. त्यानं ते पोटाशी धरून, गुडघ्यांना शिव्या घालत उभंच आणलं. दादानं बटण दाबलं आणि खडी फोडायची मशीन सुरू झाल्यासारखा धडधडाट झाला.

"अरे धाकट्या," दादा ओरडला, "हे ओल बाहेर काढणार की मला?" त्यानं बटण बंद केलं. "दुकानात सांगितलंस तरी काय?"

"आत गाडी असते म्हणालो."

दादा हसला. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबेचना. ओळंब्यानं पाण्याचा पेला तोंडाशी धरला; पेला दातांवर वाजत होता.

"बंद पडलेली गाडी, असं म्हणाला नाहीस ना?" दम परत आल्यावर दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा ते धूड घेऊन पुन्हा दुकानात. "तिथे माणूस झोपतो," तो खाली बघत म्हणाला. "माझा मोठा भाऊ. छातीचा त्रास आहे त्याला."

बाई हसली नाही. तिनं दुसरं यंत्र काढलं. "हे थंडीतही चालतं, आवाज पंख्याइतकाच. पण एखादा झरोका उघडा ठेवा. यंत्र ओल काढेल, कोंदटपणा नाही. आणि किती दिवस लागणार आहे? कायमचं असेल तर विकत घ्या, नाहीतर भाड्यानंही देतो आम्ही."

ओळंबा घुटमळला. विकत घेतलं की दादा गॅरेजाचाच झाला.

"भाड्यानं द्या."

दादानं यंत्रावरची चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा पडला. "परत द्यायची तारीख आहे वर. म्हणजे मी कधी निघायचं ते ठरवूनच आलास."

"तसं नाही रे दादा."

"मग कसं?"

"निघायचं नाही. आत यायचं घरात. त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माझं."

दादा यंत्राच्या झाकणावरून बोट फिरवत राहिला. "बघू," म्हणाला. दादाचं 'बघू' हो असतं की नाही, हे ओळंब्याला लहानपणापासून कधीच कळलं नव्हतं.

त्यानं छिन्नी-हातोडा आणला, शिडी लावली आणि एक झरोका फोडायला घेतला. स्वतःचंच बांधकाम, माल चांगला वापरलेला, वीट हलेना.

"धूळ उडेल. तू बाहेर थांब," तो वरून म्हणाला.

"शिडी कोण धरणार? तुझे गुडघे?"

दादा तोंडाला रुमाल बांधून खाली उभा राहिला. आत येतो असं मात्र तो म्हणाला नाही.